काचेच्या तारेला मेणाचा दोरा

एखादी गोष्ट नीट कळली की माझी बायको ‘अस्सं होय!’ म्हणते. भुवया वर जातात, मान जराशी तिरकी होते आणि ‘होय’ चांगलं लांबतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं हे ‘अस्सं होय’ फक्त माझ्या वाट्याचं होतं. फ्यूज का उडतो, ट्रंक कॉल लागायला एवढा वेळ का जायचा, पावसाळ्यात फोनमध्ये खरखर का येते, सगळं ती मला विचारायची आणि मी ऐटीत सांगायचो. सोलापुरात टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं तारा जोडलेला माणूस घरात असताना ती दुसऱ्या कुणाला विचारणार? गेल्या वर्षी मात्र हे दोन शब्द तिने दुसऱ्याला दिले. तेव्हापासून मी जळतोय. ही त्या जळण्याची हकीकत आहे, आणि तिच्यात माझी बाजू फारशी चांगली नाही हे आधीच सांगून ठेवतो.

तो दुसरा माणूस होटगीचा. खात्यात माझ्या हाताखाली होता, वयाने माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. केबलमधल्या तारांचे रंग, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, मीच त्याच्याकडून घोकून घेतले. दोन तारा पिळून जोड कसा मारायचा, एक्स्चेंजमध्ये तारांचा जुडगा मेण लावलेल्या दोऱ्याने दर दोन बोटांवर गाठ मारत कसा बांधायचा, हे तो माझ्या शेजारी उकिडवा बसून शिकला. ती बांधणी म्हणजे माझी खासियत. वरचे साहेब तपासणीला आले की त्यांना माझी फ्रेम, म्हणजे तारा जोडायची लोखंडी चौकट, दाखवायला नेत. होटगीवाल्याने नोकरी मध्येच सोडली तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं. त्याने फायबरचं, म्हणजे काचेच्या तारेचं, काम शिकून घेतलं, एका कंपनीची एजन्सी घेतली, आणि आज विजापूर रोडच्या आमच्या भागातल्या निम्म्या घरांत त्याची लाइन आहे. कुणाचं नेट गेलं की लोक माझ्या दारावरून पुढे जातात आणि कोपऱ्यावर उभं राहून त्याला फोन लावतात.

तरीही मी कळ काढून होतो, कारण माझं घर अजून माझं होतं. आमच्याकडे तांब्याच्या तारेची जुनी लाइन होती, तिच्यावरूनच ब्रॉडबँड यायचं. फार पूर्वी नेट लावलं की फोन बंद पडायचा. पुढे त्याच तारेवरून बोलणं आणि नेट दोन्ही एकदम जायला लागलं, आणि नेट चोवीस तास चालू राहायला लागलं. ते ब्रॉडबँड. आमचं ब्रॉडबँड संथ होतं, पण होतं. मला त्याचा अभिमान होता, कारण खांबापासून घरापर्यंतचा प्रत्येक जोड माझ्या हातचा होता.

बायको शाळेत मराठी शिकवायची. ती मूळची दुधनीची, माहेरी सगळे कानडी बोलणारे, तरी हिचं मराठी असं की शाळेत पत्र लिहायचं असलं की सगळे हिच्याकडे यायचे. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ती घरात नुसती फिरत होती. वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनने काढायची आणि मला दाखवायची. मग पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात तिने कुठेतरी वाचली. परदेशात वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना नेटवरून मराठी वाचायला शिकवायचं. तिने अर्ज केला आणि त्यांनी तिला एक नमुना तास घ्यायला सांगितलं, रविवारी सकाळी दहा वाजता. तो जमला तर वर्ग तिचा. त्या दिवसापासून तिच्या चेहऱ्यावर शाळेच्या पहिल्या दिवसाचं तेज आलं. मला ते दिसत होतं, मला आनंदही झाला होता, हे मी खोटं सांगत नाही.

पण तिने मला न विचारता होटगीवाल्याला फोन केला. “आपल्या लाइनवर माझं चित्र गोठतं हो,” एवढंच मला म्हणाली.

तो आला तो नेमका पाण्याच्या दिवशी. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि त्या दिवशी घरातली सगळी पिंपं, बादल्या, पातेली रांगेत उभी असतात. त्याने वाकून मला नमस्कार केला, “साहेब, तब्येत बरी हाय न्हवं?” म्हणाला, आणि खांबावरून एक पांढरी बारीक तार घरात घेतली. भिंतीवर एक डबी बसवली आणि तिच्यावर हिरवे दिवे लागले. मी पेपर वाचत असल्यासारखा बसलो होतो.

“भाऊजी, हे बँडविड्थ म्हणजे काय असतं?” बायकोने विचारलं. तिच्या हातात वही होती. शाळेतली सवय.

खरं तर उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. लाइनची क्षमता, एका सेकंदात जास्तीत जास्त किती माहिती. पण तो बाहेरच्या नळाकडे बोट दाखवत म्हणाला, “वैनी, तो पाइप केवढा जाड हाय त्यावर एका वेळी किती पाणी येणार ते ठरतंय की न्हाय? तेच बँडविड्थ. जाड पाइप, लई पाणी. एकाच वेळी घरातल्या चौघांनी चार नळ सोडले तर परत्येकाला कमी येणार.”

“अस्सं होय!”

पेपरमधली ओळ मी तीनदा वाचली.

मग तिने विचारलं, की शेजारी शंभर एमबीपीएसचं पॅकेज आहे म्हणतात, मग त्यांच्याकडे फाइल उतरवताना पडद्यावर बाराच का दिसतं? हा प्रश्न तिने मला आठवड्यापूर्वी विचारला होता आणि मी “फसवतात, दुसरं काय!” असं सांगून टाकलं होतं. होटगीवाला हसला. “फसवत न्हाईत वैनी. लाइन बादलीनं मोजतात आणि फाइल पिंपानं. आठ बादल्यांचं एक पिंप. शंभर बादल्या आल्या म्हंजे पिंपं किती भरली?” बायकोने मनात भागाकार केला. “साडेबारा!” म्हणाली, आणि दोघं हसले. बादली म्हणजे बिट आणि पिंप म्हणजे बाइट, यातला हा फरक मला माहीत नव्हता असं नाही. फोनच्या लाइनवर मला त्याची कधी गरज पडली नव्हती, इतकंच. पण ‘फसवतात’ हे उत्तर मी तिला दिलं होतं आणि ते तिला आठवत होतं, कारण तिने माझ्याकडे बघायचं मुद्दाम टाळलं.

पाणी त्याला तासभर पुरलं. डाउनलोड म्हणजे बाहेरून घरात येणारं. अपलोड म्हणजे घरातून बाहेर जाणारं. “तुमचा चेहरा, तुमचा आवाज मुलांकडं जाणार तो अपलोडमधनं, म्हणून तुमाला ते चांगलं पायजे. जुन्या लाइनवर तेच बारीक हुतं.” लेटन्सी म्हणजे नळ सोडल्यापासून पाणी यायला लागेपर्यंतचा वेळ. आधी नुसती हवा सूं करत येते ना, तेवढा. पाइप कितीही जाड असला तरी हा वेळ वेगळा मोजायचा. तो जास्त असला तर मूल प्रश्न विचारणार आणि बाई उशिराने मान हलवणार. बफरिंग म्हणजे नळ बारीक झाल्यावर घागर भरेपर्यंत थांबणं. सिनेमा बघताना आधी घागर भरून ठेवता येते, समोरासमोर बोलताना ती सोय नाही. आणि वायफाय म्हणजे नेट नव्हे. वायफाय हे घरातल्या घरात टाकीपासून मोरीपर्यंतचं कनेक्शन. रस्त्यावरच्या पाइपला पाणी नसेल तर घरातली तोटी कितीही पिळा. “लोक मला फोन करून सांगतात, वायफाय गेलं. वायफाय कुटं जातंय? ते घरातच असतंय. बाहेरचं नेट गेलेलं असतंय.”

बायकोने सगळं वहीत लिहिलं. दुपारी ती झोपल्यावर मी ती वही काढून वाचली. नीट अक्षर, शब्दाखाली रेघ, पुढे बादल्या आणि पिंपं. मोडेम आणि राउटर यांचंही लिहिलं होतं: बाहेरून येणाऱ्या प्रकाशाचं आपल्याला लागणाऱ्या भाषेत रूपांतर करतो तो एक, आणि घरातल्या सगळ्यांना वाटून देतो तो दुसरा, आपल्या डबीत दोन्ही आहेत. चार पानं होती. त्यात मी कुठेच नव्हतो. चाळीस वर्षं पिंपं मी भरली, या घरात नळाखाली बादली सरकवणारा माणूस मी, आणि हे पाणी त्याला सुचलं.

मी काही इतका मूर्ख नाही. तिचं मन त्याच्याकडे ओढलं वगैरे असलं काही माझ्या डोक्यात आलं नाही. मला फक्त तिचं ते कळल्यावर उजळणारं तोंड माझ्यासमोर हवं होतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी तिला स्प्लिटर समजावून सांगायला गेलो. खांबावरच्या पेटीत एका तारेतला प्रकाश वाटला जातो आणि आठ घरांना जातो, वगैरे. मी चांगला सविस्तर, आकृती काढून सांगत होतो. ती मधेच म्हणाली, “हे भाऊजींच्यापेक्षा अवघड करून सांगताय तुम्ही.” मी चहा अर्धा टाकून उठलो.

जाताना होटगीवाल्याने मला एक गोष्ट सांगितली होती. दाराच्या वर भिंतीला त्याने जास्तीच्या तारेचं ताटाएवढं वेटोळं सैल टांगून ठेवलं होतं. “साहेब, ह्याला तेवढा हात लावू नका बरं का. तांबं न्हाय हे, आत काच हाय.” मला! ज्याने त्याला तार धरायला शिकवली त्याला! मी “बरं” म्हणालो आणि ते वेटोळं त्या क्षणापासून माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. आमच्या काळी असं काम करून कुणी गेला असता तर त्याला परत बोलावून सोडवून घेतलं असतं.

बायको कॅमेऱ्यासमोर बसली की ते वेटोळं तिच्या मागे दिसायचं. गुरुवारी सकाळी तिने होटगीवाल्याला फोन करून सांगितलं की जरा नीट करून द्या. तो म्हणाला, वेळ मिळाला की येतो. मग ती तासासाठी फळा आणायला बाजारात गेली. मी घरात एकटाच राहिलो, आणि दारावर ते वेटोळं लोंबत होतं.

मी होटगीवाल्याला फोन केला. “येऊ नकोस. तिला आता तसंच चालतंय म्हणते,” असं सांगितलं. हे सरळ सरळ खोटं होतं. मग स्टूल घेतलं, माझी जुनी पेटी काढली. मेणाचा दोरा अजून शिल्लक होता. वेटोळं उतरवलं, तार चांगली घट्ट दुमडून तिचा वीतभर लांब जुडगा केला आणि दर दोन बोटांवर गाठ मारत गेलो. उरलेली तार दाराच्या चौकटीला अगदी चिकटवून, कोपऱ्यात काटकोनात वळवून, क्लिपा ठोकून पक्की केली. शेवटची गाठ मारली तेव्हा इतकं बरं वाटलं की मी स्टुलावरच थोडा वेळ उभा राहिलो. डबीवरचे दिवे हिरवे होते. नेट चालत होतं.

बायको आली. दाराकडे बघितलं आणि तिचा चेहरा खुलला. “भाऊजी येऊन गेले वाटतं! बघा किती सुबक केलंय. याला म्हणतात काम.”

मी केलंय, हे तीन शब्दांचं वाक्यही नाही. दोनच शब्द आहेत. पण माझ्या हातचं, माझं सगळ्यात चांगलं काम तिने बघितलं, तिला ते आवडलं, आणि तिने ते त्याच्या नावावर जमा केलं. मला इतका संताप आला की मी म्हणालो, “हो, येऊन गेला.” फोन करून त्याचे आभार मानते म्हणाली, तर मी सांगितलं, “तो कामात असेल, मीच सांगतो.”

शुक्रवारी तिने शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीबरोबर सराव केला. चित्र अधूनमधून अडकत होतं. शनिवारी पुन्हा तेच. “भाऊजींना बोलावू का?” तिने विचारलं.

“आत्ता हात लावला तर आणखी बिघडेल,” मी म्हणालो. “रविवार होऊ दे. आणि बघितलंस ना तुझ्या होटगीवाल्याचं काम? दिसायला सुबक, आतून असं.”

हे बोलताना मला किती गोड लागलं ते आता लिहायलाही लाज वाटते. खरं म्हणजे तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आली नाही असं नाही, मी तिला आत येऊ दिलं नाही. चौतीस वर्षांत मी बांधलेला जुडगा कधी बिघडला नव्हता. तांब्याची तार दुमडा, पिळा, खिळ्याला गुंडाळा, वीज जाते म्हणजे जाते. काचेच्या तारेतून प्रकाश जातो आणि घट्ट वळणावर तो बाहेर सांडतो, हे मी वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं आणि हाताला ठाऊक असणं वेगळं, आणि माझ्या हाताला तांबंच ठाऊक होतं.

रविवारी तिने ठेवणीतली साडी नेसली आणि दहा वाजता खुर्चीवर बसली. मी आतल्या खोलीत बसून कान देत होतो. संस्थेच्या बाई बोलल्या, मग दोन मुलांचे आवाज आले. बायकोने त्यांना काहीतरी विचारलं, त्यातलं एक हसलं. पाच मिनिटं झाली असतील, तेव्हा रस्त्यावरचा आवाज नको म्हणून तिने उठून दार लावून घेतलं. मग तिचा आवाज आला, “हॅलो? ऐकू येतंय का?” पुन्हा, जरा मोठ्याने, “हॅलो, बाळांनो?” मी बाहेर येऊन पाहिलं तर डबीवर लाल दिवा लागला होता. तो दिवा लागला की समजायचं, बाहेरून प्रकाश येणंच थांबलंय. तिने धडपडत मोबाइलचं नेट लॅपटॉपला द्यायचा, म्हणजे हॉटस्पॉटचा, प्रयत्न केला. पण आमच्या त्या खोलीत मोबाइलला एक काडी रेंज असते. ती पुन्हा जोडली गेली तेव्हा मुलं निघून गेली होती. थोड्या वेळाने त्या बाईंचा निरोप आला, नेट स्थिर नसेल तर वर्ग देणं अवघड आहे. बायको तो निरोप वाचत खुर्चीत तशीच बसून राहिली. समोर पडद्यावर तिचाच चेहरा दिसत होता.

होटगीवाला तासाभरात आला. आधी खांबावर चढून मीटर लावला, मग घरात लावला. “वैनी, खांबावर उणे अठरा हाय, ते बेस हाय. घरात उणे अठ्ठावीस. जेवढं शून्याच्या जवळ तेवढा परकाश जास्ती. मधेच कुटंतरी गळतंय.” तो बोलत असताना बायकोने त्याला जायला वाट म्हणून दार उघडलं आणि डबीवरचा दिवा हिरवा झाला. त्याने दार लावलं, लाल. उघडलं, हिरवा. मग त्याने मान वर करून चौकटीकडे पाहिलं. चौकटीवरून त्याची नजर त्या जुडग्याकडे गेली आणि तिथेच थांबली.

त्याने पिशवीतून तांबडा उजेड सोडणारी पेनसारखी एक वस्तू काढली, तारेच्या टोकाला लावली आणि खिडकीचे पडदे ओढून घेतले. भर दिवसा खोलीत काळोख झाला. माझ्या प्रत्येक गाठीशी तारेतून तांबडा उजेड बाहेर झिरपत होता. गाठीमागून गाठ, सगळ्या सारख्या अंतरावर. चौकटीच्या कोपऱ्यात तर ठसठशीत ठिपका होता, आणि दार लावलं की तो आणखी मोठा व्हायचा. एवढं समान अंतर राखून बांधणारा माणूस सोलापुरात एकच होता, आणि ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

“गुरुवारी तुम्ही बांधून गेलात तेव्हापासून असं होतंय, भाऊजी,” बायको म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

“व्हय वैनी,” तो म्हणाला. “चुकलं माझं. घट्ट बांधलं.”

मग बायको भडकली. तिला फार राग आला की ती कानडीत बोलते. माझ्यावर चिडली तर मराठीतच चिडते, कारण कानडी मला धड येत नाही. होटगीवाल्याला येते. ती बोलत होती आणि तो खाली मान घालून कानडीतच “हो, हो” करत होता. मी दोघांच्या मधे उभा होतो आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. खरं सांगतो, त्या वेळीसुद्धा माझ्या मनात आलं की चूक माझी, आणि शिव्या मात्र त्याला. तेही त्यानेच घेतलं. वर मोठेपणा पण त्याचाच. त्याने मला ठोसा मारला असता तर एवढं झोंबलं नसतं.

तिने पुण्याच्या बाईंना फोन लावला. आवाज शांत करून सांगायला लागली, “लाइनवाल्या माणसाची चूक होती हो. मी उद्याच दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेते. एक संधी द्या.” तिकडून काहीतरी उत्तर आलं. तिने फोन ठेवला. “पुढच्या रविवारी, शेवटचं,” म्हणाली. मग होटगीवाल्याला, आता मराठीत: “तुमची डबी घेऊन जा भाऊजी. कॉलनीत मी ज्यांना ज्यांना तुमचं नाव सांगितलं, त्यांनाही आता मला सांगावं लागेल.”

तो वाकून पिशवी भरायला लागला.

“ते मी बांधलंय,” मी म्हणालो.

बायकोला कळलंच नाही. मी पुन्हा म्हणालो. गुरुवारी तो आला नव्हता, मीच त्याला येऊ नको म्हणून सांगितलं, मीच बांधलं, सगळं सांगितलं.

“मग मी आले तेव्हा बोलला का नाहीत?” तिने विचारलं. मराठीत, अगदी सावकाश.

“तू त्याचं कौतुक केलंस.”

“कौतुक त्या कामाचं केलं.”

“नाव त्याचं घेतलंस.”

ती माझ्याकडे वळली. “तुम्हाला त्यांचा एवढा राग येतो?”

“राग नाही,” मी म्हणालो. “हेवा वाटतो. तू वही घेऊन त्याच्यासमोर बसतेस ना, त्याचा.”

होटगीवाला पार कानकोंडा झाला. “साहेब, काय बी काय बोलताय,” असं पुटपुटत तो स्टुलावर चढला आणि माझ्या गाठी एकेक करून सोडवू लागला. दोरा कापला नाही, नखाने सोडवला. तार सैल केली, ताटाएवढं वेटोळं पुन्हा टांगलं, चौकटीवरच्या क्लिपा उपटल्या. मीटरवर उणे एकोणीस आलं. बायकोने त्याला चहा दिला आणि त्याची माफी मागितली. मला चहा दिला नाही.

आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. शनिवारी म्हणाली, “उद्या दहा वाजता तुम्ही घरात थांबायचं नाही.”

रविवारी साडेनऊला मी निघालो आणि पाय आपोआप होटगीवाल्याच्या दुकानाकडे वळले. त्याने खुर्ची पुसून दिली. मी बसलो. दहा वाजून पाच मिनिटांनी त्याने स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. आमच्या घरची लाइन त्याला तिथे दिसत होती. प्रकाश उणे एकोणीस. खाली अपलोडचा आकडा वर-खाली होत होता. “हे बगा साहेब, वैनी बोलायलेत,” तो म्हणाला. आकडा वर गेला, की मी समजायचो तिने काहीतरी दाखवलं असेल. माझी बायको माझ्या घरात तास घेत होती आणि तो मला दुसऱ्याच्या फोनवर, आकड्यांत बघावा लागत होता. मी त्या फोनवरून नजर काढली नाही. हे आकडे माझ्या फोनवर दिसायला हवे होते, एवढाच विचार माझ्या डोक्यात घोळत होता.

पावणेअकराला अपलोडचा आकडा एकदम खाली आला. तास संपला. मी खिशातला फोन काढून हातात धरला. तो वाजला नाही. होटगीवाल्याचा वाजला.

तिचाच होता. त्याने घेतला, ऐकलं आणि हसला. “व्हय? झ्याक झालं की वैनी! लई झ्याक!” मग माझ्याकडे बघत म्हणाला, “हितंच हायत. देतो.”

मी त्याचा फोन कानाला लावला.

“मिळाला वर्ग,” ती म्हणाली. धापा टाकत होती, पळून आल्यासारखी. “आधी भाऊजींना सांगितलं. तुम्हाला मुद्दाम मागून सांगतेय. जळा थोडे.”

जळतच होतो. होटगीवाला शेजारी उभा राहून दात काढत होता. मी त्याच्याकडे पाठ केली आणि म्हणालो, “जळतोय. पण आता सांग, मुलांनी काय काय वाचलं?” आणि मग ती सांगायला लागली ती थांबेचना.